यादी त्याचीच राहू द्या

पत्र: "मी बेळगावात शहापूरला राहतो. अक्काला खानापूर तालुक्यातल्या एका गावात दिलंय. तिचा मोठा मुलगा १६ वर्षांचा, यंदा दहावीला. डाव्या गुडघ्याच्या वर हाडाचा कॅन्सर निघाला. गेल्या वर्षी मांडीतून पाय काढला, केमोही झाली. आता दोन्ही फुप्फुसांत गाठी आल्यात. डॉक्टर म्हणाले, यापुढे केमोचा उपयोग नाही, घरी न्या, काही महिने आहेत. भाच्याला कुणी काही सांगितलेलं नाही. अक्का म्हणते, कळलं तर हाय खाईल. दुखलं की ट्रामाडॉलची गोळी देतात, तरी रात्री कण्हत असतो. परवा त्याच्या गणिताच्या वहीत शेवटच्या पानावर यादी दिसली: समुद्र, राजहंसगड, मिरवणुकीत ढोल, मामाची बुलेट, परीक्षा, आईचे मांडे. खाली एक ओळ खोडलेली. मला एकदा म्हणाला, 'मामा, बरं वाटायची वाट बघत बसायचं नाही मला.' दाजी गप्पच असतात. मी काय करू?"

उत्तर: भाच्याचं म्हणणं खरं आहे. 'जरा बरं वाटू दे, मग नेऊ' असं म्हणता म्हणता या आजारातले चांगले आठवडे निघून जातात. फुप्फुसात गाठी असलेल्या मुलाची ताकद पुढच्या महिन्यात आजच्यापेक्षा कमीच असणार, म्हणून यादीला याच आठवड्यात हात घाला. पण समुद्राच्या आधी दुखणं. रात्रभर कण्हणारा मुलगा सकाळी कुठेच जाऊ शकत नाही, आणि नेलाच तर त्याला समुद्र दिसत नाही, फक्त पुढची गोळी कधी एवढंच दिसतं.

'दुखलं की गोळी' ही पद्धतच चुकीची आहे. कॅन्सरचं दुखणं चोवीस तास असतं, तेव्हा औषधही घड्याळाप्रमाणे हवं. शिवाय ट्रामाडॉलला मर्यादा आहे. ठरावीक प्रमाणापुढे वाढवलं तर दुखणं कमी होत नाही, त्रासच वाढतो. ज्या कॅन्सर विभागात उपचार झाले तिथे जाऊन सरळ विचारा, "पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर कोण? तोंडाने घ्यायचं मॉर्फिन इथे मिळतं का?" पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार. साध्या मेडिकल दुकानात ते बहुधा मिळत नाही. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. एका ठिकाणी नसेल तर कुठल्या रुग्णालयात आहे ते तिथल्याच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे ४ तास टिकतो. म्हणून बहुतेक ठिकाणी वेळा अशा असतात: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री १० चा डोस दुप्पट देतात, म्हणजे २ वाजता उठवावं लागत नाही. किती मिलिग्रॅम ते डॉक्टर वजन आणि दुखणं बघून ठरवतात. दोन वेळांच्या मध्ये कळ आली तर द्यायचा जादा डोसही कागदावर लिहून घ्या. तो बहुधा नेहमीच्या एका डोसाएवढाच असतो. जादा डोस दिला की वेळ वहीत लिहा. दिवसाला तीनपेक्षा जास्त वेळा द्यावा लागला, तर मूळ डोस कमी पडतोय, डॉक्टरांना फोन करा. आपल्या मनाने वाढवू नका, आणि एकदम बंद तर कधीच करू नका. लांब परिणामाची गोळी दिली असेल तर ती कुटायची किंवा तोडायची नाही. सगळं औषध एकदम अंगात जातं.

घरात कुणीतरी म्हणेलच, "मॉर्फिन म्हणजे अफू, पोरगा झिंगून पडेल, सवय लागेल." पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, मग ती ओसरते. दुखण्यापुरतं दिलेलं औषध माणसाला व्यसनी करत नाही, आयुष्यही तोडत नाही. डोस जास्त झाल्याची खूण वेगळी: हाक मारून, हलवूनही जाग येत नाही आणि श्वास मिनिटाला दहाच्या खाली जातो. तसं झालं तर पुढचा डोस थांबवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

खरी अडचण होते ती पोटाची. मॉर्फिनने आतडं मंदावतं, शौचाला होत नाही, आणि ही तक्रार आपोआप जात नाही, म्हणून पहिल्या गोळीपासूनच बिसाकोडिल किंवा सेनासारखं औषध रोज रात्री सुरू हवं. घरोघरी इसबगोल असतं, पण इथे ते देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाच्या मंदावलेल्या आतड्यात ते गोळा होऊन बसतं. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर चौथ्याची वाट बघू नका. मॉर्फिन नको म्हणणारे बरेच रुग्ण या एका कारणाने नको म्हणत असतात.

आणखी एक गोष्ट भाच्याला विचारा: नसलेल्या पायात दुखतं का? तळव्याला आग, बोटं पिळल्यासारखी, करंट लागल्यासारखं? मुलं हे सांगत नाहीत, आपल्याला वेड लागलं म्हणतील असं त्यांना वाटतं. त्याला सांगा की पाय काढलेल्या बहुतेकांना हे होतं. मात्र हे दुखणं नसांचं असल्यामुळे त्यावर गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं लागतात. डॉक्टरांना ते वेगळं सांगितलं नाही तर मॉर्फिन वाढत जातं आणि आग तशीच राहते.

आता अक्काचं. भाच्यापाशी तुम्ही परस्पर काही बोलू नका. आईबापांना डावलून सांगितलेलं खरंसुद्धा घर मोडतं. पण अक्काला एवढं जरूर सांगा की पोराला कळलेलं आहे. केमो बंद झाली, नातेवाईक रांगेने बघायला येतायत, बोलणं दारात आल्यावर थांबतं आणि त्याने वहीत यादी केलीय. सोळा वर्षांच्या मुलाला याचा अर्थ लागतो. आपण बोललो तर आई कोसळेल म्हणून तोही गप्प आहे. म्हणजे दोघं एकमेकांना सांभाळतायत आणि दोघंही एकटे पडलेत. 'हाय खाईल' ही भीती खरी आहे, त्याबद्दल अक्काला दोष देऊ नका. पण या वयाच्या मुलांना मरणाच्या शब्दापेक्षा जास्त भीती असते ती दुखण्याची, गुदमरण्याची आणि एकटं पडण्याची. या तिन्हींवर उत्तर देता येतं, मात्र त्यासाठी आधी बोलावं लागतं.

अक्का आणि दाजी दोघांनाही डॉक्टरांकडे न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर भाच्याशी बोलायला सांगा. डॉक्टर कन्नडमध्ये बोलणार असतील आणि अक्काला कन्नड नीट कळत नसेल, तर दुभाष्याचं काम तुम्ही करा, भाच्याकडून करून घेऊ नका. सीमाभागात शाळेत कन्नड शिकलेली पोरंच आईबापांना डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगतात. स्वतःच्या आजाराची बातमी स्वतःच्या तोंडाने आईला सांगायची वेळ कुठल्याही मुलावर येऊ नये.

त्याआधीच त्याने तुम्हाला विचारलं, "मामा, मी मरणार आहे का?" तर 'छे, काहीतरीच काय' म्हणू नका. तो पुन्हा कधीच विचारणार नाही. विचारा, "तुला असं का वाटतंय?" आणि थांबा, मध्ये बोलू नका. मग म्हणा, "मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. आईबाबांसोबत बसून बोलू, उद्याच." उद्या म्हणजे उद्याच. बोलणं झाल्यावर 'अजिबात दुखणार नाही' असा शब्द देऊ नका, तो पाळता येईलच असं नाही. 'दुखलं तर काय करायचं ते ठरलंय आणि कुणीतरी कायम तुझ्याजवळ असेल' हे सांगा. पुढे तो हसत कॅरम खेळायला लागला तर त्याला समजलंच नाही असं समजू नका. मुलं थोडं बोलतात, खेळतात, चार दिवसांनी परत विचारतात.

यादीकडे येण्याआधी चार-पाच दिवस एक टिपण ठेवा: दिवसात तो कधी ताजातवाना असतो. बहुतेकांचे दोन-तीन तास चांगले असतात, कुणाचे सकाळी नऊ ते अकरा, कुणाचे संध्याकाळी. अंघोळ, पाहुणे, जेवणाचा आग्रह हे सगळं त्या तासांच्या बाहेर ढकला. ते तास यादीचे. आणि मोठ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठेवायचं नाही. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने काही दिवस भूक आणि उभारी येते. ते प्रवासाच्या आसपास देता येईल का, रक्त कमी असेल तर आधी चढवून उपयोग होईल का, हे डॉक्टरांना तारीख सांगून विचारा. स्टेरॉइड सकाळी नाश्त्यानंतर द्यायचं, संध्याकाळी दिलं तर झोप उडते.

समुद्र सर्वांत आधी करा, कारण त्याला सर्वांत जास्त ताकद लागते आणि पाऊस लागला की चोर्ला घाट धुक्याचा आणि दरडींचा. जांबोटी-चोर्लामार्गे पणजीचं मिरामार जवळ पडतं, आणि तिथे रस्त्यापासून वाळू लांब नाही. एका दिवसात जाऊन-येऊन करू नका, एक रात्र राहा. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास त्याचा जादा डोस आणि उलटीची गोळी. पुढची सीट थोडी मागे कलती, मांडीच्या उरलेल्या भागाखाली मऊ उशी, सोबत लघवीची बाटली. घाटात वळणावर त्याला धक्का बसणार नाही अशा बेताने गाडी चालवा, तासा-सव्वातासाने थांबा. औषधं प्रवासाला लागतील त्याच्या दुप्पट दिवसांची घ्या. मॉर्फिन मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड त्याच पिशवीत. राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर कुणी विचारलं तर कागद हाताशी हवा.

वाळूत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात. खुर्ची उलटी फिरवा, मोठी चाकं पुढे करून ओढत न्या. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा, तेव्हा पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते. शेवटचे पाचपन्नास फूट हाताची प्लास्टिकची खुर्ची बरी, दोघांनी उचलून थेट लाटेच्या कडेला ठेवता येते. जखम भरलेली असेल तर पाण्यात बसायला हरकत नाही. छातीत पोर्ट (केमोसाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) असेल आणि त्यात सुई नसेल तरी चालतं. दंडातून नळी असेल तर ती भिजता कामा नये. विमानाचा मात्र विचारही नको. फुप्फुसाच्या पृष्ठभागावरची अशी गाठ फुटून छातीत हवा भरण्याचा धोका या कॅन्सरमध्ये असतो आणि उंचीवर तो वाढतो.

राजहंसगड त्या मानाने सोपा, येळ्ळूरमधून वर गाडी जाते. पण चढावर एक लक्षात ठेवा. एक पाय नसला की वजन मागे जातं आणि खुर्ची मागे कलंडते. ढकलणारा कायम मागेच हवा, हात सोडून फोटो काढायला जायचं नाही. मागच्या बाजूला आधाराची छोटी चाकं बसवून मिळतात, ती बसवून घ्या.

ढोल. आपली शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात, रात्रभर चालणारी. तोवर थांबू नका. त्याच्या मंडळाच्या पोरांना सांगा, यंदा सराव त्याच्या अंगणात. ढोल स्टुलावर ठेवा, पट्टा गळ्यात नको, फासळ्यांवर भार येतो. दहा-पंधरा मिनिटं वाजवेल, थांबेल, परत वाजवेल. वैशाखात बरा असला तर चित्ररथ सुरू होतात त्या टप्प्यावर ओळखीच्या एखाद्या माडीवरून तासभर दाखवा, गर्दीत आणि डीजेच्या धुरात नको.

बुलेट रस्त्यावर नाही. वय, एक पाय, मॉर्फिन, आणि हाडात कुठे आजार असला तर एका धक्क्याने मोडणारं हाड. पण गाडी अंगणात मधल्या स्टँडवर पक्की उभी करा, न्यूट्रलमध्ये चालू करा, त्याला वर बसवा, तुम्ही मागे बसून कमरेला धरा आणि ॲक्सिलेटर त्याच्या हातात द्या. पेट्रोलचा विचार करू नका.

परीक्षा म्हणजे ओझं असं घरच्यांनी ठरवू नये, आणि सोडून दे असंही म्हणू नये. बऱ्याच मुलांना मार्क नको असतात, वर्गमित्रांबरोबर हॉलमध्ये बसायचं असतं. मुख्याध्यापकांना आत्ताच भेटून वैद्यकीय दाखल्यासह लेखी अर्ज द्या: लेखनिक, जादा वेळ, तळमजल्यावरची खोली. एकच मराठीचा पेपर द्यायचा असेल तर एकच. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, आता वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा असतात, त्यामुळे पहिली हुकली तर सगळं संपलं असं नाही.

मांडे अक्काने करावेत, त्याला समोर बसवून. तोंड आलेलं असेल तर दुधात कुस्करून. दोन घास खाल्ले तरी 'अजून घे' नको. या टप्प्यावर शरीरच अन्न मागत नाही, न खाण्यामुळे तो खंगत नाही, आजारामुळे खंगतो. आईला हे पटणं फार कठीण असतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं बरं.

खोडलेल्या ओळीबद्दल विचारू नका. ती त्याची आहे. मात्र त्याला भेटायला कुणी मित्र, एखादी मैत्रीण यायची असेल तर घरच्यांनी खोलीत ठाण मांडून बसू नये. दार लावून घेण्याचा हक्क त्याला द्या. अंघोळ घालायला आई नको असेल, दाजी किंवा तुम्ही चालाल का ते विचारा. दाजी गप्प असतात म्हणालात. त्यांना बोलायला लावू नका, काम द्या, गोळ्यांची वही आणि वेळा त्यांच्याकडे सोपवा. बघायला येणाऱ्यांना दारातच सांगायचं: दहा मिनिटं, रडायचं बाहेर, काढे आणि झाडपाला आणायचा नाही. तो थकला की त्याने खुणेसाठी पाणी मागावं, मग तुम्ही पाहुण्यांना उठवायचं.

काय बिघडू शकतं ते आधीच माहीत असावं. दम लागला तर टेकवून बसवा, समोर टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकू द्या, खिडकी उघडा आणि छोटा पंखा थेट चेहऱ्यावर, नाका-गालावर धरा. याने खरंच आराम पडतो. मॉर्फिनचा छोटा डोसही दम कमी करतो. ऑक्सिजन मात्र रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तरच कामाचा. एका बाजूला अचानक जोराची कळ येऊन दम वाढला तर छातीत हवा भरलेली असू शकते, ते लगेच रुग्णालयाचं काम. खोकल्यातून रक्त पडू शकतं, म्हणून उशापाशी गडद रंगाचे दोन टॉवेल ठेवा. पांढऱ्यावर थोडं रक्तही फार दिसतं आणि पोरगा घाबरतो.

एका कागदावर आजार, औषधं, डॉक्टरांचा नंबर आणि 'व्हेंटिलेटर हवा की नको' याबद्दल आईवडिलांनी डॉक्टरांशी ठरवलेलं लिहून ठेवा, कन्नड आणि इंग्रजीत. १०८ वर येणारे कन्नडमध्येच वाचणार. सीमेजवळच्या गावात फोन कधी पलीकडच्या टॉवरला लागतो आणि १०८ दुसऱ्या राज्याची मिळते, तेव्हा पहिल्या वाक्यात गाव, तालुका आणि राज्य सांगा. जंगलाकडच्या वाडीत रेंज नसेल तर कुठल्या घराच्या ओट्यावर फोन लागतो ते दोघा-तिघांना माहीत असू द्या. पावसाळ्यापर्यंत त्याची साथ लाभली तर जूनच्या आधी औषधांचा साठा करून ठेवा.

शेवटच्या दिवसांत तो जास्त झोपेल, गिळणं कमी होईल. तेव्हा गावात सगळे म्हणतील, सलाईन लावा. नका लावू. त्या अवस्थेत शरीर पाणी पेलत नाही, अंगावर सूज येते, छाती भरून घरघर वाढते. ओल्या कापसाने ओठ ओले ठेवा, कुशीवर वळवा, मॉर्फिन जिभेखाली किंवा त्वचेखालून कसं द्यायचं ते आधीच शिकून घ्या. नेत्रदानाचा विषय अशी मुलं कधी कधी स्वतः काढतात. डोळ्यांचा आणि रक्ताचा कॅन्सर सोडला तर ते बहुधा करता येतं, सहा तासांच्या आत, आईवडिलांच्या संमतीने. त्याने काढला तर टाळू नका, आपण होऊन काढू नका.

अक्कासाठी टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर भिंतीवर लिहून ठेवा, रात्री-अपरात्रीही लागतो.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जाताना गेल्या चार रात्रींच्या दुखण्याची वेळ लिहिलेली वही आणि आधीच्या सगळ्या फाइली न्या. मोकळ्या दोन तारखा घेऊन जा, म्हणजे समुद्राचं तिथेच ठरेल. आणि त्याची यादी तुम्ही वाचलीत हे त्याला आधी सांगा, कुठून सुरुवात करायची ते त्यालाच ठरवू द्या. आम्ही समुद्र आधी म्हटलंय, तो बुलेट म्हणाला तर बुलेट.